बैलगाडीवरचा उपग्रह: शांतता विकत मिळत नव्हती तेव्हाची गोष्ट

आजचा एपिसोड एका फोटोबद्दल आहे, आणि तो फोटो तुम्ही शंभर टक्के बघितलाय. दरवर्षी इस्रोचं एखादं लाँच झालं की व्हॉट्सॲपवर तो फिरतो. एक बैलगाडी, तिच्यावर एक मोठ्ठा चकचकीत उपग्रह, आणि खाली कॅप्शन: "तेव्हा आपण इतके गरीब होतो, आणि आज बघा!"

त्याच्या जोडीला दुसरा फोटो असतो, थुंबाचा. सायकलच्या कॅरिअरवर रॉकेटचा शंकूसारखा भाग ठेवलाय आणि दोघं जण तो ढकलत नेतायत. लोक दोन्ही फोटो एकाच गोष्टीचे म्हणून पाठवतात, पण ते तसे नाहीत. सायकल हे वाहन होतं, सामान एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायला. बैलगाडी हे वाहन नव्हतं. ती चाचणीचं उपकरण होती. एखाद्या लॅबमध्ये मल्टीमीटर असतो ना, तशी.

आता तुम्ही म्हणाल, बैलगाडी आणि उपकरण? तेच आज समजून घ्यायचंय. मी शिराळ्याचा. आमच्याकडे बैलगाडी म्हटलं की लोकांना ऊस आठवतो, नाहीतर शर्यत. पण या गाडीला ज्या कामाला जुंपलं होतं त्याला इंग्रजी नाव आहे: इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंटरफिअरन्स, थोडक्यात ईएमआय. नाही, बँकेचा हप्ता नव्हे! हा वेगळा ईएमआय. पण चुकवला की हाही व्याजासकट वसूल होतो.

आधी खरखर म्हणजे काय ते बघू

जुने टू-जी फोन आठवतात? कॉम्प्युटरच्या स्पीकरजवळ फोन ठेवला की कॉल यायच्या दोन सेकंद आधी स्पीकरमधून "टिर्र-टिट-टिट" असा आवाज यायचा. स्पीकरला कोणी काही पाठवलेलं नसायचं. फोन टॉवरशी बोलत असायचा, आणि त्याच्या लहरी स्पीकरच्या वायरमध्ये घुसायच्या. पाण्याची मोटर चालू केली की रेडिओ खरखरतो, मिक्सर फिरवला की जुन्या टीव्हीवर रेघा येतात, तोच प्रकार. जिथं वीज झपाट्यानं कमी-जास्त होते तिथून लहरी निघतात, आणि जवळची प्रत्येक वायर न मागता अँटेना बनते.

घरात हे झालं तर आपण फोन उचलून बाजूला ठेवतो. उपग्रहात कोण बाजूला ठेवणार?

कम्युनिकेशन उपग्रहाचं काम ऐकायला सोपं आहे. जमिनीवरून आलेला सिग्नल पकडायचा, मोठा करायचा, परत खाली पाठवायचा. ही यंत्रणा म्हणजे पेलोड, आणि तिच्यातल्या एकेका चॅनेलला म्हणतात ट्रान्सपाँडर. आता आकडे बघा. उपग्रह असतो सुमारे ३६,००० किलोमीटर वर. जमिनीवर भलीमोठी डिश लावून सिग्नल वर फेकला तरी तिथं पोचेपर्यंत तो इतका पसरतो, की उपग्रहाच्या कानाशी एका वॉटचा अब्जावा भागही उरत नाही. आणि तोच उपग्रह खाली पाठवताना काही वॉट ताकदीनं पाठवतो. म्हणजे ऐकणं आणि बोलणं यांत हजारो कोटी पटींचा फरक. आणि हे दोन्ही एकाच पेटीत, हाताच्या अंतरावर, चोवीस तास चालू.

नागपंचमीच्या मिरवणुकीची कल्पना करा. ढोल-ताशे, भोंगे, सगळं जोरात. तुम्ही हातात माइक घेऊन पूर्ण आवाजात सूचना देताय, आणि त्याच क्षणी तुम्हाला गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाची कुजबुज ऐकून तीच माइकवर सांगायची आहे. हे आहे ट्रान्सपाँडरचं काम.

यावरचा पहिला उपाय म्हणजे ऐकायची आणि बोलायची फ्रीक्वेन्सी वेगळी ठेवायची. सी-बँडमध्ये वर जाताना साधारण ६ गिगाहर्ट्झ, खाली येताना ४ गिगाहर्ट्झ. मध्ये दोन गिगाहर्ट्झहून जास्त अंतर, आणि त्या अंतरावर फिल्टरचा पहारा. पण कागदावर हे सगळं बरोबर असलं तरी प्रत्यक्ष धातूची पेटी, वायरी, स्क्रू, सोलर पॅनल एकत्र आले की काय होईल ते मोजल्याशिवाय कळत नाही. कोड लिहिणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. "माझ्या मशीनवर चालतंय" हे वाक्य अंतराळात चालत नाही.

कोल्हापूरचे चिटणीस आणि कोंबड्यांच्या जाळीची डिश

आता थोडं मागं जाऊ. १९७५ साल. भारताकडे स्वतःचा कम्युनिकेशन उपग्रह नव्हता. पण १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह भारतानं वर्षभर वापरला. त्या प्रयोगाचं नाव साइट. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही लावले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण कर्नाटकातल्या गावांमध्ये विजापूर जिल्ह्यातली गावं होती. म्हणजे आपल्या जत तालुक्याची हद्द ओलांडली की पलीकडे.

या प्रयोगाचे प्रोग्राम मॅनेजर होते एकनाथ वसंत चिटणीस. जन्म कोल्हापूरचा, १९२५ चा. विक्रम साराभाईंच्या अगदी सुरुवातीच्या साथीदारांपैकी एक. २०२५ मध्ये, वयाची शंभरी पूर्ण करून, पुण्यात त्यांचं निधन झालं. आपल्या भागातल्या किती पोरांना हे नाव माहीत आहे? मला तरी शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

साइटमध्ये गावातली डिश कशाची होती माहितीये? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, तीन मीटर व्यासाची. आणि ती व्यवस्थित चालायची, कारण सिग्नल होता ८६० मेगाहर्ट्झचा. त्याची एक लहर साधारण ३५ सेंटिमीटर लांब. जाळीची भोकं त्यापुढं इतकी लहान, की लहरीला ती जाळी म्हणजे सलग पत्राच वाटते. हा मुद्दा लक्षात ठेवा. कुठली वस्तू रेडिओलहरीला "दिसते" आणि कुठली नाही, हे डोळ्यावर अवलंबून नसतं. बैलगाडीचं गुपित यातच आहे.

त्याच एटीएस-६ वर आणखी एक प्रयोग होता. जमिनीवरून ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात किती नको असलेला गोंगाट वर येतो, ते मोजायचा. म्हणजे तेव्हाच जगाला कळलं होतं की उपग्रह वाढणार, मायक्रोवेव्हचे टॉवर वाढणार आणि भांडणं होणार.

साइटमुळे जमिनीवरची बाजू भारताला जमली. उपग्रहाच्या आतली बाजू मात्र अजून स्वतः करून बघायची होती.

ॲपल: दोन वर्षं, एक शेड आणि फुकटची सीट

युरोपच्या अंतराळ संस्थेनं तेव्हा एरियान हे नवीन रॉकेट बनवलं होतं. त्याच्या चाचणी उड्डाणात बाहेरच्यांना जागा देऊ केली, आणि भारतानं ती घेतली. फुकट, पण जोखीम आपली. या उपग्रहाचं नाव ॲपल, म्हणजे एरियान पॅसेंजर पेलोड एक्सपेरिमेंट. वजन ६७० किलो, दोन सी-बँड ट्रान्सपाँडर. प्रकल्प संचालक होते आर. एम. वासगम. कम्युनिकेशन पेलोड अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचा. उपग्रहाला शेवटच्या कक्षेत ढकलणारी मोटर आपल्याच एसएलव्ही-३ रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर बेतलेली, विक्रम साराभाई स्पेस सेंटरची. त्या सेंटरचे तेव्हाचे संचालक वसंत गोवारीकर.

हे सगळं जुळवलं गेलं बेंगळुरूमध्ये, इंडस्ट्रियल शेडमध्ये, सुमारे दोन वर्षांत. आणि इथं अँटेना चाचणीचा प्रश्न आला.

अँटेना तपासायची म्हणजे ती कुठल्या दिशेला किती सिग्नल फेकते ते मोजायचं. उपग्रह कक्षेत जाताना कलंडला, फिरला तरी त्याचा जमिनीशी संपर्क तुटता कामा नये, म्हणून हा नकाशा अचूक लागतो. पण शेडमध्ये मोजलं तर काय होईल? छताच्या लोखंडी कैच्या, क्रेन, कपाटं, सगळ्यांवर लहर आपटून परत येणार. थेट आलेली लहर आणि आपटून आलेली लहर एकत्र आल्या की कधी बेरीज होते, कधी वजाबाकी. ४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेसात सेंटिमीटर. आपटून आलेली लहर फक्त पावणेचार सेंटिमीटर जास्त चालून आली, की ती पहिल्या लहरीच्या बरोबर उलट पडते आणि सिग्नल घटतो. मग तुम्ही मोजताय काय, अँटेना की शेडचं छत? तेच कळत नाही.

बरं, मोकळ्या मैदानात नेऊ म्हटलं तर ट्रकवर न्यावा लागणार. आणि ट्रक म्हणजे चाकांवरचा लोखंडी आरसाच! खाली पोलादी चासी, बाजूला पत्रा, पुढं इंजिन. उपग्रहाच्या पोटाखालीच हा आरसा, म्हणजे मोजमाप पुन्हा बिघडलं.

म्हणून बैलगाडी. लाकडाचा सपाट पाट. लाकूडही लहरींना अगदीच अदृश्य नसतं, पण पोलादाच्या तुलनेत ते फार कमी परतवतं. गाडीतही थोडं लोखंड असतंच, आपल्या जुन्या गाड्यांच्या चाकाला लोखंडी धाव असायचीच की. पण अख्ख्या ट्रकच्या पोलादापुढं ते किती? इंजिन नाही, म्हणजे स्पार्क प्लगची खरखर नाही. बैलांना इग्निशन नसतं! मोकळ्या रानात, इमारतींपासून दूर, धातूपासून दूर, त्या गाडीवर ॲपल उभा राहिला आणि चाचणी झाली.

मग गरिबी होती की नव्हती?

इथं जरा थांबू, कारण या फोटोवर दोन गट भांडतात. एक म्हणतो, "बघा, किती गरीब होतो." दुसरा म्हणतो, "गरिबी वगैरे काही नाही, हे शुद्ध विज्ञान होतं." २०१४ मध्ये मंगळयानानंतर न्यूयॉर्क टाइम्सनं गाय घेऊन आलेल्या शेतकऱ्याचं व्यंगचित्र छापलं आणि नंतर माफी मागितली, तेव्हापासून दुसरा गट जरा जास्तच जोरात आहे.

माझं मत सांगतो. दोन्ही गट अर्धे बरोबर आहेत. अशा चाचणीसाठी ॲनेकॉइक चेंबर नावाची खोली असते. बाहेरून सगळीकडे धातू, म्हणजे बाहेरची लहर आत येत नाही. आतून भिंतींना कार्बन मिसळलेल्या फोमचे टोकदार सुळके, म्हणजे आतली लहर भिंतीवर आपटून परत येत नाही. ६७० किलोचा अख्खा उपग्रह मावेल अशी सोय तेव्हा हाताशी नव्हती. असती तर बैल कोणी आणले नसते. म्हणजे साधनांची टंचाई होती, हे नाकारण्यात काय अर्थ आहे?

पण टंचाई सगळ्यांकडेच असते. नेमकं काय कमी आहे हे ओळखणं अवघड. त्या टीमनं बरोबर ओळखलं की आपल्याला खोली नकोय, आपल्याला शांतता हवीय. खोली विकत घ्यावी लागते. शांतता रानात पडलेली आहे, फक्त तिथपर्यंत लोखंड न नेता पोचायचंय. प्रश्न असा मांडला की बैलगाडी हे उत्तर आपोआप येतं. "जुगाड" या शब्दात मला हाच भाग हरवलेला दिसतो. जुगाडात कसंतरी भागवलं जातं. इथं मोजमापात तडजोड झालीच नाही, ती झाली फक्त दिसण्यात.

पुढं काय झालं

एरियानचं दुसरं उड्डाण मे १९८० मध्ये फसलं होतं. ॲपल तिसऱ्यावर बसला. १९ जून १९८१, फ्रेंच गयानातलं कुरू, उड्डाण यशस्वी. पण कक्षेत गेल्यावर ॲपलचं एक सोलर पॅनल उघडलंच नाही. वीज कमी पडली, तापमान सांभाळायची कसरत झाली, तरी टीमनं उपग्रह चालवला. १३ ऑगस्ट १९८१ ला इंदिरा गांधींनी तो देशाला अर्पण केला. सप्टेंबर १९८३ पर्यंत, दोन वर्षांहून जास्त, तो कामात होता. टीव्हीचं प्रक्षेपण तर झालंच, पण त्यावरून कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे आणि पॅकेट स्विचिंगचे प्रयोगही झाले. हो, तेच पॅकेट, ज्यांतून आत्ता हा एपिसोड तुमच्या फोनवर आलाय.

त्याच काळात इन्सॅट-१ ची मालिका तयार होत होती, अमेरिकेतल्या फोर्ड एरोस्पेसकडून. भारताकडून त्या प्रकल्पाची धुरा होती प्रमोद काळे यांच्याकडे, हे मूळ पुण्याचे. इन्सॅटची कल्पनाच इंटरफिअरन्सच्या दृष्टीनं धाडसी होती: टेलिफोन, टीव्ही आणि हवामानाचा कॅमेरा, तिन्ही एकाच उपग्रहात. एका खोलीत एक जण भाषण देतोय आणि दुसरा मन लावून बारीक नक्षी काढतोय, असा संसार. पुढं १० जुलै १९९२ ला इन्सॅट-२ए गेला, तो भारतात बनवलेला. आज बेंगळुरूला इस्रोकडे अख्खा उपग्रह आत मावेल अशी अँटेना चाचणीची बंदिस्त सोय आहे. बैलांना सुट्टी मिळाली.

आत करायची कामं मात्र तीच राहिली. प्रत्येक पेटी धातूनं नीट बंद करायची, झाकणाच्या फटीसुद्धा. वायरी पिळून जोडीनं न्यायच्या, म्हणजे एकीची खरखर दुसरी खोडते. ग्राउंडिंग नीट आखायचं. फिल्टर लावायचे. सैल किंवा गंजलेला सांधा राहू द्यायचा नाही, कारण दोन दमदार सिग्नल अशा सांध्यात मिसळले की तिसरीच फ्रीक्वेन्सी जन्माला येते, आणि ती नेमकी आपल्या कानात पडू शकते. शेवटी सगळं एकत्र चालू करून प्रत्येक पेटीला दोन प्रश्न विचारायचे: तू किती गोंगाट करतेस? आणि दुसऱ्यांचा किती सहन करतेस?

जुन्नर तालुक्यातले दोन कान

आता शेवटचा भाग, आणि तो आजचा आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या आसपास दोन जागा आहेत. एक आर्वी. तिथं १९७१ मध्ये देशाचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झालं, साधारण ३० मीटरच्या डिशचं. पुढं त्याला विक्रम साराभाईंचं नाव मिळालं. दुसरी खोडद. तिथं गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० डिश, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. खोडदची जागा निवडताना रेडिओ गोंगाट कमी असणं हा महत्त्वाचा मुद्दा होता. आजूबाजूचे डोंगर शहरांचा आवाज अडवतात. तिथं गेलात तर मोबाइल बंद करायला सांगतात, ते उगाच नाही.

ही दुर्बीण किती बारीक ऐकते? १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापरेल्ली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याची हाक सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून खोडदच्या डिशनी पकडली. यान शेवटी आदळलं, पण ते गप्प झालं तो क्षण आपल्या जुन्नर तालुक्यात ऐकला गेला.

पण डोंगर बाजूचा आवाज अडवतात, वरचा नाही. २०२३ मध्ये युरोपातल्या लोफार या दुर्बिणीनं दाखवलं की स्टारलिंकच्या उपग्रहांतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान लहरी गळतायत. त्यांचं इंटरनेट १० गिगाहर्ट्झच्याही वर चालतं. ही गळती मुद्दाम केलेलं प्रक्षेपण नाही, ती आतल्या इलेक्ट्रॉनिक्सची खरखर आहे. स्पीकरमधलं "टिर्र-टिट" आठवलं? तेच, पण आभाळातून. २०२४ मध्ये दिसलं की नव्या पिढीच्या उपग्रहांची गळती आधीपेक्षा ३२ पटींपर्यंत जास्त आहे. खोडदची दुर्बीण १२० ते २५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातही ऐकते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.

यात गंमत अशी, की या गळतीनं त्या उपग्रहांचं स्वतःचं काही बिघडत नाही. इंटरनेट व्यवस्थित चालतं. ॲपलच्या टीमला शांतता स्वतःसाठी हवी होती, म्हणून त्यांनी ती शोधली. आता शांतता दुसऱ्यासाठी पाळायची आहे, आणि मुद्दाम न केलेल्या गळतीबद्दल आंतरराष्ट्रीय नियम अजून फारसे स्पष्ट नाहीत. एक-दोन उपग्रह असते तर चाललं असतं. हजारो आहेत. चाचणीच्या खोलीत "आमचं काम चालतंय ना, मग पास" म्हणायचं की "शेजाऱ्याला त्रास नाही ना" हेही विचारायचं, हा निर्णय माझ्या-तुमच्या वयाचे इंजिनिअर घेतायत, आत्ता, कुठल्यातरी ऑफिसात.

घरी करून बघायला एक प्रयोग देतो. आजोबांचा एएम रेडिओ असेल तर काढा, दोन स्टेशनांच्या मधल्या शांत जागी लावा, आणि घरभर फिरवा. मोबाइलच्या चार्जरजवळ, एलईडी बल्बजवळ, इन्व्हर्टरजवळ. कुठली वस्तू किती बडबडते ते ऐका आणि कमेंटमध्ये सांगा. आणि जमलं तर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला जाऊन या. त्या दिवसांत लोकांना आत जाऊन बघता येतं. फोन मात्र गेटवरच बंद करा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!